सुईवर एका वेळी किती कामं ठेवायची?

(विणकाम करणाऱ्या गटांसमोर मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभेचं कामकाज संपलं. कर्जाचे अर्ज झाले, वसुलीचं वाचन झालं. अध्यक्षताई म्हणाल्या, जेवणाआधी जरा विणकामावर बोला. कारण भाद्रपद निम्मा झाला की लोकर विणणाऱ्या आणि क्रोशा करणाऱ्या आपल्या सगळ्या जणींची तक्रार एकच असते. "ताई, हाताशी पाच-सहा कामं आहेत, रोज बसते, पण एकही पुरं होत नाही."

आता हे का होतं ते आधी बघू. आपल्याकडे लोकरीला गिऱ्हाईक दिवाळी ते संक्रांत. आणि शेतात काय असतं त्या वेळी? सोयाबीनची काढणी, मळणी, मागोमाग रब्बीची पेरणी. म्हणजे ज्या महिन्यांत लोक स्वेटर मागतात त्याच महिन्यांत आपल्याला मान वर करायला सवड नसते. शिवाय आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीव होत नाही. आज नाही म्हटलं तर उद्या ती दुसरीकडे जाईल. मग प्रत्येकीचं काम निदान सुरू केलंय एवढं दाखवायला चार ओळी विणून ठेवायच्या. एकीचं टोपडं, दुसरीची शाल, तिसरीचं तोरण. सगळ्यांचं सुरू, कुणाचंच हातात नाही.

प्रशिक्षणाला येणारे साहेब, मॅडम सांगतात, एक पुरं झाल्याशिवाय दुसरं धरू नका. मला ते पूर्ण पटत नाही. ज्याला सकाळी दहा ते पाच एका खुर्चीवर बसून काम करता येतं त्याच्यासाठी ते ठीक आहे. आपला वेळ असा सलग येत नाही. तो तुकड्या-तुकड्यानं येतो. एसटीत पाऊण तास, रेशनच्या रांगेत अर्धा तास, दुपारी भांडी झाल्यावर एक तास, रात्री मालिका बघताना एक तास. या प्रत्येक तुकड्यात एकच काम बसत नाही. पण म्हणून वाटेल तेवढी कामं सुरू करून ठेवायची असंही नाही. त्याचा एक हिशेब आहे, तो मांडून दाखवते.

समजा तुमच्याकडे तीन बाळंतविडे आहेत. एका संचात स्वेटर, टोपडं आणि मोजे. तुमच्या सवडीनं एक संच व्हायला सहा दिवस लागतात. तुम्ही काय केलं, तिन्ही सुरू केले आणि रोज पाळीपाळीनं एकेक घेतला. तर पहिला संच पुरा होईल सोळाव्या दिवशी, दुसरा सतराव्या, तिसरा अठराव्या. आता हेच एकामागून एक विणलं तर? पहिला सहाव्या दिवशी, दुसरा बाराव्या, तिसरा अठराव्या. शेवटचा दिवस दोन्हीकडे अठरावाच. श्रम तेवढेच, ओळी तेवढ्याच. पण दुसऱ्या रीतीत पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे दहा दिवस आधी हातात आले. त्या पैशात पुढची लोकर आली, गटाचा हप्ता वेळेवर गेला. आणि मधेच तुम्हाला ताप आला, घरात लग्न निघालं, तर निदान एक-दोन संच तरी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेले असतील.

सहा अर्धे संच म्हणजे तीन संचांची मेहनत झालेली असते. पण विकायला एकही नसतो. ती मेहनत पेटीत पडून असते, आणि ज्या लोकरीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं तिचं व्याज मात्र दर महिन्याला चालू असतं. अर्ध्या स्वेटरला कुणी अर्धे पैसे देत नाही.

मग माझं म्हणणं असं आहे. एकाच जातीची दोन कामं एका वेळी सुरू करू नका. वेगवेगळ्या जातीची दोन, फार तर तीन ठेवा. जात म्हणजे काय, तर ते काम कुठल्या वेळात बसतं ते.

एक काम असावं डोकं लागणारं. नक्षी मोजायची, मुंढ्याचे टाके कमी करायचे, गळा काढायचा. हे दुपारच्या उजेडात, कुणी हाक मारणार नाही अशा वेळी. दुसरं असावं हात आपोआप चालेल असं. मोजे, टोपड्याची साधी पट्टी, सगळ्या ओळी सुलट असलेलं दुपटं. हे पिशवीत घालून कुठंही नेता येतं, मधेच टाकून उठता येतं, बोलता बोलता होतं. ही दोन कामं एकमेकींचा वेळ खात नाहीत. एसटीत तुम्ही मुंढा घालणार नव्हताच, तो पाऊण तास नाहीतरी वायाच जाणार होता. पण दोन नक्षीचे स्वेटर एकदम धरले तर ते दोघं त्याच एका दुपारच्या तासासाठी भांडतात.

तिसरं काम ठेवायचंच असेल तर ते क्रोशाचं ठेवा. साखळी, खांब, मुका खांब यात एकच सुई, हाताची ठेवण वेगळी. दोन सुयांवर तासभर विणून मनगट भरून आलं की क्रोशा घेतला तर हाताला बदल मिळतो. पण दुखायलाच लागलं असेल तर दोन्ही खाली ठेवा. क्रोशा म्हणजे औषध नाही.

रंगाचंही असंच आहे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं असतात. त्यासाठी काळ्या झबल्याची, काळ्या टोपड्याची मागणी हल्ली लोकरीत आणि क्रोशातही येते. काळा रंग रात्री दिव्याखाली विणू नका. टाका दिसत नाही, डोळ्यांना ताण येतो आणि निसटलेला टाका कळतो सकाळी, दहा ओळी वर गेल्यावर. चाळिशी लागलेल्यांना तर सांगायलाच नको. काळं दिवसाचं, पांढरं-पिवळं रात्रीचं. पांढऱ्याला फक्त एवढंच, की हात धुवून बसा आणि चुलीपासून लांब बसा. हळद लागलेलं बोट आणि पांढरी लोकर यांचं जमत नाही.

या बोरन्हाणाच्या कामाचं आणखी एक ध्यानात ठेवा. रथसप्तमी उलटली की ते झबलं पुढच्या संक्रांतीपर्यंत पडून राहतं. म्हणून तारखेचं काम आणि बिनतारखेचं काम सरळ वेगळं लिहा. शाल आठ दिवस उशिरा गेली तर गिऱ्हाईक कुरकुर करेल, पण घेईल. बोरन्हाणाचं झबलं दुसऱ्या दिवशी कोण घेणार? बाळंतविडा मधल्या जातीचा. डॉक्टरनं तारीख दिलेली असते, पण बाळ कुठं कॅलेंडर बघून येतं! बाळंतविडा दिलेल्या तारखेच्या महिनाभर आधी पुरा झाला पाहिजे असंच धरून चला.

आणि रंगाचं विचारतात तेव्हा पिवळा, पोपटी, पांढरा, मोतिया हेच सांगा. मुलगा की मुलगी हे आधी कळायचा प्रश्न नाही. आपल्या राज्यानं त्याविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. हे रंग दोघांनाही चालतात. त्यात आपला फायदा असा, की कुणाचीही ऑर्डर नसताना पावसाळ्यात या रंगांचे मोजे आणि टोपडी विणून ठेवता येतात. श्रावणातल्या झडीत जे दोन-चार दिवस शेतात पाय ठेवता येत नाही, ते दिवस या कामाचे. मग दिवाळीत बाळंतविडा आला की फक्त स्वेटर विणायचा राहतो. मात्र स्वेटरपुरती त्याच लॉटची लोकर तेव्हाच बाजूला काढून ठेवा.

लॉटचं जरा सविस्तर सांगते, कारण अनेक कामं एकदम चालतात तिथे सगळ्यात जास्त घोटाळा याच्यात होतो. लोकरीच्या गुंड्यावर कागदी पट्टी असते. तिच्यावर शेडचा नंबर असतो आणि लॉटचा नंबर असतो. शेड एकच, पण लॉट वेगळा असेल तर रंगात किंचित फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही. अंगणात उन्हात धरला की पाठ एक रंगाची आणि पुढा एक रंगाचा. म्हणून ऑर्डर घेतली की त्या कामाची पूर्ण लोकर एकदम, एकाच लॉटची आणायची आणि ती पट्टी फेकायची नाही. दुसऱ्या कामाला कमी पडली म्हणून यातला गुंडा उचलायचा नाही. "नंतर आणून ठेवीन" म्हणतो आपण, आणि नंतर तो लॉट संपलेला असतो. अगदीच अडलं, तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन ओळी दुसऱ्या गुंड्याच्या असं आळीपाळीनं विणत जा, फरक मिसळून जातो. किंवा वेगळ्या लॉटची लोकर नुसत्या बॉर्डरला वापरा.

तसंच सुयांचं. आपल्या बाजारात दोन सुयांची जोडी मिळते तिच्यावर जुने नंबर असतात. त्यात नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. १२ नंबर बारीक, ८ नंबर जाड. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. हल्ली गोल सुया येतात त्यांच्यावर मात्र मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे जाड सुई. दोन्ही प्रकार एका घरात आले की गोंधळ होतो. एका कामातली सुई काढून दुसऱ्याला वापरली, परत येताना वेगळ्याच नंबरची घातली, तर तिथून विण सैल पडते. अंगावर घातल्यावर तो पट्टा लांबून दिसतो. ज्यांच्याकडे एकाच नंबरची एकच जोडी आहे त्यांनी, खरं सांगते, त्या नंबरचं एकच काम धरावं. मधे थांबवायचंच असलं तर टाके जाड दोऱ्यावर उतरवून दोऱ्याची टोकं बांधावीत.

आता एक गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंची आहे, त्यांना विचारून सांगते आहे. हात फार चांगला. त्यांच्या विणीकडे बघून वाटायचं मशीनवर काढलंय. गेल्या पावसाळ्यात त्यांना चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात उतरला, पण बोटांचे सांधे धरले ते तीन महिने सुटले नाहीत. चमचा धरता येईना, तिथे सुई कुठली. चार जणींचा अ‍ॅडव्हान्स घेतलेला होता आणि तो मुलीच्या नर्सिंगच्या फीमध्ये गेलेला होता. आम्ही म्हटलं, काळजी करू नका, आम्ही वाटून घेऊन पुरं करू.

पेटी उघडली तर आत नऊ कामं. नऊ! काही नुसती बॉर्डर झालेली, काहींची पाठ झालेली, दोन तर कुणाची ते त्यांनाही पटकन आठवेना. कुठल्या सुईनं विणलंय, किती टाके घातले होते, नक्षीची कितवी ओळ चालू आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि अंगात कणकण असताना माणूस डोक्यातलं किती सांगणार? एक आंब्याच्या पानाची नक्षी होती, ती आम्ही तिघींनी तीन दिवस मोजली, तरी जमली नाही. शिवाय प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा. त्या घट्ट विणणाऱ्या, मी सैल. त्यांच्या दहा नंबरच्या कामावर मी दहा नंबर चालवला तर माझा भाग बोटभर रुंद.

शेवटी नवातली चार पुरी झाली. पाच उसवून लोकर परत गुंडाळली. एका बाईंना अ‍ॅडव्हान्स परत करावा लागला, त्यासाठी गटानं ताईंना अंतर्गत कर्ज दिलं. मुलीचं शिक्षण थांबलं नाही, ते झालं. पण उसवताना त्या समोर बसून होत्या, आणि त्या काही बोलल्या नाहीत, तेच आम्हाला जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या गटात चिठ्ठीची पद्धत आहे. प्रत्येक कामाला जुन्या उशीच्या अभ्र्याची एक पिशवी. पिशवीत त्या कामाची सगळी लोकर, सुया आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, द्यायची तारीख, घेतलेली रक्कम, शेड आणि लॉट, सुईचा नंबर, घातलेले टाके, आणि थांबलो ती ओळ. लिहिता न येणाऱ्या दोघी ओळींसाठी दोऱ्याला गाठी मारतात आणि बाकीचं मुलांकडून लिहून घेतात, काही अडत नाही. सोबत चार बोटं रुंद, चार बोटं लांब असा विणीचा नमुना ठेवतो. उद्या दुसरीला हात लावायचा झाला तर तिनं आधी तेवढाच तुकडा विणून शेजारी ठेवून बघायचा. मोठा होतोय? बारीक सुई घे. लहान होतोय? जाड घे. आणि थांबायचं ते ओळ पुरी करूनच, मधे नाही. नक्षीचं काम असेल तर उठण्यापूर्वी वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. सुई निसटली तरी टाके त्या दोऱ्यावर राहतात.

पिशव्या खुंटीला टांगा. पेटीत कोंबलेलं काम दिसत नाही, आणि दिसत नाही ते आठवत नाही. उंदरांपासूनही वाचतं. लोकर मऊ, त्यांना घर करायला फार आवडते.

हिशेबाबद्दल बोलते आहे तर एक जुनी माहिती सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बाया पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला घोड्याचे केस भरलेली भोकांची गादी, त्या भोकात सुईचं टोक रोवायचं. म्हणजे तुकड्या-तुकड्याच्या वेळात विणणं ही काही आपलीच गोष्ट नाही. पण त्यांच्या शाली आणि मोजे घेणारे व्यापारी त्यांना रोख पैसे द्यायचेच नाहीत, बदल्यात चहा आणि कापड द्यायचे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८७२ साली सरकारनं चौकशी नेमली आणि त्यात विणणाऱ्या बायांच्या साक्षी झाल्या. आपण पंचसूत्रीत "नियमित लेखे" म्हणतो ना, ते फक्त गटाच्या वहीपुरतं नाही. आपल्या विणकामाचीही एक वही पाहिजे. किती लोकर आली, किती गेली, किती दिवस लागले, हातात काय आलं.

त्या वहीत घरचं कामही लिहा बरं का. आत्याच्या जावेला एक टोपडं, नणंदेच्या मैत्रिणीला एक शाल. "तू तर बसल्या बसल्या विणतेस, दे की एक." हे फुकटाचं काम सुईवरची जागा अडवतं आणि पैशाचं काम मागे ढकलतं. देऊ नका असं मी म्हणत नाही, नाती सांभाळायची असतात. पण वर्षाला किती द्यायची ते ठरवा, लोकर त्यांच्याकडून आणवा आणि तारीख आपल्या सोयीची सांगा. नातेवाइकांनाही संक्रांतीनंतर सवड असतेच.

आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यापेक्षा तारीख सांगा. "ताई, आता हातात दोन कामं आहेत, तुमचं मी कार्तिकी एकादशीनंतर सुरू करीन, तोवर अ‍ॅडव्हान्सही नको." थांबणारी थांबते. नाही थांबली तर गटातल्या दुसरीचं नाव सांगा, काम गटातच राहील. अ‍ॅडव्हान्स सुरू करतानाच घ्या, लोकरीपुरता. सगळ्यांचे पैसे आधीच घेऊन ठेवले की प्रत्येकीला दाखवायला चार ओळी विणाव्या लागतात, आणि आपण पुन्हा त्या नऊ कामांच्या पेटीपाशी येतो.

गटाची मोठी ऑर्डर असेल, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला माल न्यायचा असेल, तर तुकडे वाटू नका. एकीनं पाठ, दुसरीनं बाही, असं केलं की जोडताना रडायची वेळ येते. पूर्ण संच एकेकीला द्या आणि प्रत्येकीला दर वेळी एकच संच. तो जमा केला की पुढची लोकर. आमच्याकडे यावर पहिल्यांदा नाराजी झाली, चपळ हाताच्या जणींना वाटलं आपल्याला अडवलं. पण त्यांना फक्त लवकर जमा करून लवकर पुढचा घ्यायचा होता, तो त्या घेतातच.

नव्या लोकरीचा मोह मात्र कुणालाच सुटत नाही. दुकानात नवा रंग दिसला की वाटतं, एक सुरू करून बघू. लोकर घ्या हवी तर. सुईवर चढवायची ती हातातलं एक उतरल्यावर.

जेवण तयार आहे असा निरोप आलाय. चिठ्ठीचा नमुना छापून आणलाय, प्रत्येक गटाच्या सचिवताईंनी जाताना विणणाऱ्या जणींच्या संख्येइतक्या प्रती घ्या. पुढच्या सभेला येताना ज्यांची कामं सहा महिन्यांहून जास्त अडकली आहेत त्यांनी ती घेऊन या. कुठली पुरी करायची आणि कुठली उसवायची ते एकत्र बसून ठरवू. आणि कुणाकडे काळी लोकर उरली असेल तर पट्टीसकट आणा, बोरन्हाणाच्या टोपड्यांना दोन गटांना कमी पडते आहे.